कैरोचे नाबीना हकीम दाऊद अंताकी

पनवेल : नीटचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात दोन-चार दिवस मार्कांशिवाय दुसरा विषय नसतो. कोणाच्या मुलीला किती पडले, कामोठ्यात जमेल की बाहेर जावं लागेल, प्रायव्हेटची फी कुठून आणायची, हेच सगळीकडे. शेजारच्या घरातल्या मुलीला यंदा चांगले मार्क पडले, पण त्या घरातून मिठाई आली नाही. तिचा उजवा हात जन्माच्या वेळी दुखावला गेला आणि खांद्यापासून अधूच राहिला. ती डाव्या हाताने लिहिते आणि झरझर लिहिते. स्वयंपाकघरातही तिचं काही अडत नाही. पण क्लासवाल्या सरांनी तिच्या अब्बांना बोलावून सांगितलं की मेडिकलचा बोर्ड हिला पास करणार नाही, उगाच वर्ष फुकट घालवू नका, बी.एस्सी.ला टाका.

कागद वाचून दाखवायला त्यांनी मला बोलावलं. सगळे बसलेले असताना मुलीच्या दादीने एक साधा सवाल केला. ज्याच्या शरीरात अशी काही कमी आहे असा कोणी डॉक्टर, कोणी हकीम आजवर झालाय का? मी दाऊद अंताकी यांचं नाव घेतलं. कोणी ऐकलेलं नव्हतं. अरब मुलुखात मात्र हे नाव घरोघरी माहीत आहे. त्यांचं पुस्तक कैरोच्या बाजारात छापील स्वरूपात पिढ्यान्‌पिढ्या विकलं जात आलंय. त्या संध्याकाळी जे तोंडी सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

दाऊद बिन उमर यांचा जन्म अंताकियाचा, साधारण १५४३ सालचा. अंताकिया म्हणजे आज तुर्कस्तानच्या हाताय प्रांतात असलेलं अंताक्या. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात जे शहर उद्ध्वस्त झालं, तेच हे. त्या काळी तिथे उस्मानी सुलतानांचं राज्य होतं. शहरात हबीब नज्जार यांची मजार आहे. सूरह यासीनमध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाहून धावत आलेल्या माणसाचा उल्लेख येतो, तो माणूस म्हणजे हबीब नज्जार, असं अनेक तफसीरकार मानत आलेत. भूकंपात तिथली मशीदही कोसळली. या मजारीच्या वस्तीचे प्रमुख होते दाऊदचे वालिद उमर. त्यांनी मजारीजवळ मुसाफिरांसाठी एक रिबात बांधला होता, म्हणजे आपल्याकडच्या मुसाफिरखान्यासारखी जागा. येणाऱ्या-जाणाऱ्याला राहायला खोली आणि गरिबाला जेवण, अशी तिथली सोय होती.

या घरात दाऊद जन्माला आला तो अंध. त्यात लहानपणीच नसांचा असा काही आजार जडला की उभंही राहता येईना. ही सगळी हकीकत आपल्याला कळते ती दाऊद यांनी स्वतः सांगितली म्हणून. पुढे कैरोत दमास्कसचे साहित्यिक दरवेश तालवी त्यांना भेटले, त्यांनी ती ऐकून लिहून ठेवली, आणि सतराव्या शतकातले चरित्रकार मुहिब्बी यांनी ती आपल्या मोठ्या चरित्रकोशात घेतली. आपलं तेव्हाचं वय सांगताना दाऊद यांनी सात हा आकडा सरळ सांगितला नाही. आकाशात जितके फिरते ग्रह आहेत तितकं माझं वय झालं होतं, अशा अर्थाचं ते बोलले. डोळ्यांनी एकही तारा न पाहिलेल्या माणसाची ही हिशेबाची पद्धत!

सात वर्षांचं, न दिसणारं, न चालणारं पोर. बहुतेक घरांत अशा मुलाला आतल्या खोलीत ठेवलं जातं. त्या काळी ठेवलं जायचं आणि खरं सांगायचं तर आजही ठेवलं जातं. पाहुणे आले की दार ओढून घेतात. उमर यांनी तसं केलं नाही. रोज सकाळी एक नोकर दाऊदला उचलून रिबातमध्ये नेई, दिवसभर तो तिथेच असे आणि संध्याकाळी त्याला परत घरी आणलं जाई. रिबातमध्ये दुनियाभरचे मुसाफिर येत, आलिम येत, वाद होत, किताबं वाचली जात. मुलगा एका बाजूला बसून सगळं ऐकत असे. या वयापर्यंत त्याचं कुरआन हिफ्ज झालं होतं आणि भाषेचे सुरुवातीचे धडेही. मेडिकलच्या नियमांत आज ज्याला वाजवी सोयीसुविधा म्हणतात, तिचं हे अगदी घरगुती रूप. नोकराचे दोन हात आणि बसायला जिथे इल्मची बात चालते अशी जागा, बस.

एके दिवशी त्या रिबातमध्ये एक इराणी मुसाफिर उतरला. नाव मुहम्मद शरीफ. मोठा जाणकार माणूस होता. लोक त्याच्याकडे वाचायला येऊ लागले आणि दाऊदही त्या बैठकीत बसू लागला. मुहम्मद शरीफ यांचं लक्ष या मुलाकडे गेलं. त्यांनी एक तेल तयार केलं, कडक उन्हात मुलाच्या अंगाला चोळलं, मग डोक्यापासून पायापर्यंत कपड्यात गुंडाळलं. गुदमरून जीव जातो की काय अशी मुलाची हालत झाली. हे असं पुन्हा पुन्हा केलं. हळूहळू नसांत ऊब शिरली, पाठ सरळ झाली, पायांत जोर आला आणि मुलगा उभा राहिला. उपचार नेमका कसा लागू पडला ते आज कोणी सांगू शकत नाही. हा उपाय घरी करून पाहू नये, हे वेगळं सांगायला नकोच. पण मुलगा स्वतःच्या पायांनी घरी आला तेव्हा बापाला आनंद आवरेना. त्यांनी मुलाला छातीशी धरलं आणि थेट उस्तादांकडे धाव घेतली. मोबदला देऊ केला, उस्तादांनी घेतला नाही. या मुलात शिकण्याची ताकद दिसली म्हणून मी हे केलं, असं त्यांचं उत्तर होतं.

मला या सगळ्या चरित्रातली ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुहम्मद शरीफ यांना डोळे परत आणता आले नाहीत. तसा प्रयत्न केल्याचीही नोंद नाही. त्यांनी आधी मुलाला काय जमतं ते पाहिलं, मग जे सुधारता येईल ते सुधारलं, आणि जे सुधारणार नव्हतं त्याच्यासकट त्याला शिकवायला बसले. मंतिक, गणित, तबीईयात म्हणजे निसर्गाचं शास्त्र, असं एकेक करून शिकवलं. मुलगा फारसी शिकायचं म्हणाला. उस्ताद म्हणाले की फारसी काय कोणीही शिकेल, मी तुला यूनानी शिकवतो, ही जबान आज माझ्याशिवाय कोणाला येत नाही. उस्तादांनी थोडी जास्तच सांगितली असणार, कारण यूनानी बोलणारे लोक इस्तंबूलच्या गल्लीबोळांत होते. पण तिब्बच्या जुन्या यूनानी किताबांपर्यंत पोचणारे अरबी हकीम मात्र तेव्हा खरोखरच विरळ झाले होते. दाऊद यूनानी शिकले. जालीनूस आणि दियसकुरीदूस यांच्या विद्येचा उगम ज्या भाषेत आहे ती भाषा त्यांनी कानाने उचलली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ब्रेल लिपी यायला अजून तीनशे वर्षांचा अवकाश होता. तरीही अंध विद्यार्थ्याला त्या काळची पद्धत फारशी परकी नव्हती, कारण तेव्हाचं शिक्षणच मुळात ऐकण्याचं होतं. उस्ताद वाचणार किंवा शागिर्द मोठ्याने वाचणार, बाकीचे ऐकणार, पाठ करणार, उस्तादांना परत ऐकवणार आणि मग इजाजत मिळणार. डोळस आणि अंध एकाच रांगेत बसत. चौदाव्या शतकात सफदी नावाच्या लेखकाने नामवंत अंध व्यक्तींचा एक अख्खा चरित्रकोश लिहिला, यावरून अशी माणसं किती असतील ते समजावं. अठराव्या शतकात कैरोच्या अल-अजहरला लागून अंध विद्यार्थ्यांसाठी वेगळी राहण्याची जागा बांधली गेली. अरबीत अंध माणसाला जरीर म्हणतात, पण अदब राखून बसीर, म्हणजे पाहणारा, असंही म्हणतात. दाऊद यांच्या नावापुढे ही दोन्ही लागतात.

पण हे ऐकून सगळं गोड होतं असं कोणी समजू नये. त्या काळात ज्या अंध मुलाचा बाप रिबातचा मालक नव्हता, ज्याच्या गावात मुहम्मद शरीफ उतरले नाहीत, ते मूल मशिदीच्या पायरीवर कटोरा घेऊन बसलं. त्याचं चरित्र कोणी लिहिलं नाही. दाऊद यांना जे मिळालं ते नशिबाने मिळालं.

उस्ताद पुढच्या प्रवासाला निघून गेले, काही काळाने वालिदांचाही इंतिकाल झाला. मग दाऊद घराबाहेर पडले. लेबनॉनचा आमिल डोंगराळ भाग, नंतर दमास्कस, तिथल्या आलिमांच्या बैठका, आणि शेवटी कैरो. कैरो तेव्हा अरबी जगातलं सर्वांत मोठं शहर होतं. तिथे पोचल्यावर दाऊद यांना जाणवलं की शिकल्या-सवरल्या लोकांनी तिब्बकडे पाठ फिरवली आहे. फिक्ह येतं, व्याकरण येतं, पण शरीराचं इल्म कोणाला नको. याचं दुःख त्यांनी आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला मांडलंय. मदरशातल्या आपल्या जागेत ते शिकवत, रोगी तपासत. थोड्याच वर्षांत कैरोच्या हकिमांत त्यांचं नाव पहिलं घेतलं जाऊ लागलं.

न दिसणारा हकीम रोगी कसा तपासत असेल? नाडी तर बोटांनीच पाहतात, तिथे डोळ्यांचं काम नाही. ताप, सूज, त्वचेचा खरखरीतपणा हातांना कळतो. श्वास आणि आवाज कानांना. पण त्या काळी लघवीचा रंग बघून निदान करायची मोठी रीत होती. जीभ आणि डोळ्यांचा पांढरा भाग हेही पाहायचं असे. तिथे जवळ बसलेला शागिर्द बघून सांगत असणार, दुसरा मार्ग नाही. म्हणजे डोळे शागिर्दाचे आणि निदान उस्तादाचं. आज जपानपासून अमेरिकेपर्यंत अंध किंवा कमी दिसणारे डॉक्टर ज्या पद्धतीने मदतनीस घेऊन काम करतात, ती पद्धत याहून फार वेगळी नाही.

आता त्यांच्या ग्रंथाकडे येऊ. पूर्ण नाव लांबलचक आहे, लोक त्याला नुसतं तज़किरा-ए-दाऊद म्हणतात. औषधांची अक्षरक्रमाने लावलेली मोठी यादी, मग रोगांची यादी, आणि सुरुवातीला तिब्बची मूलतत्त्वं. एखाद्या औषधाबद्दल लिहिताना काय काय लिहिलंच पाहिजे याचे दहा नियम त्यांनी घालून दिले. वेगवेगळ्या भाषांतली नावं. औषधाचं स्वरूप. चांगलं कोणतं आणि खराब कोणतं. गरम की थंड, आणि किती. शरीराच्या कोणत्या भागाला त्याचा फायदा. एकटं द्यायचं की कशात मिसळून. त्याचं नुकसान काय. ते नुकसान कशाने उतरतं. मात्रा किती. आणि ते मिळालं नाही तर त्याऐवजी काय. वर आणखी दोन गोष्टी जोडल्या, तोडायचा हंगाम कोणता आणि माल कुठून येतो. औषधाच्या दुकानात काम केलेल्या कोणालाही पटेल की यात सोडण्यासारखं काही नाही. आजच्या गोळ्यांच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद हेच सांगत असतो.

यातला दुसरा नियम मी पुन्हा पुन्हा वाचला. स्वरूप म्हणजे काय हे सांगताना ते रंग, वास, चव, चिकटपणा, खरखरीतपणा, गुळगुळीतपणा, लांबी, आखूडपणा असे शब्द घालतात. मोजून बघा. रंग सोडला तर एकाही गोष्टीला डोळे लागत नाहीत. ही पद्धत त्यांच्या आधीच्या लेखकांतही थोडीफार आहे, तेव्हा सगळं श्रेय अंधत्वाला देणं बरोबर नाही. पण नाक, जीभ आणि बोटांच्या टोकांनी बाजारातला माल ओळखणाऱ्या माणसाला ही यादी अगदी आपली वाटली असणार. पनवेलच्या जुन्या बाजारात मसाल्याचा व्यापारी हळद घेताना ती चिमटीत चोळून नाकाशी नेतो, तसंच.

या ग्रंथातला एक लहानसा भाग युरोपात फार गाजला, तो कॉफीचा. दाऊद यांच्या काळात कॉफी येमेनहून मक्का, कैरो, इस्तंबूल अशी नुकतीच पसरली होती आणि ती प्यावी की नाही यावर मोठे वाद चालू होते. दाऊद यांनी तिच्याकडे हकिमाच्या नजरेने पाहिलं. झाड येमेनचं, कधी लावतात, कधी तोडतात, फूल पांढरं, फळ छोट्या हेझलनटसारखं, खोकल्यात आणि कफात उपयोगी, पण काहींना डोकेदुखी होते, झोप उडते. दुधासोबत पिऊ नये, त्याने कोड किंवा कुष्ठासारखा आजार होण्याची भीती, असंही त्यांनी लिहिलं. हे मात्र चुकलं. नाहीतर सकाळच्या लोकलने जाणाऱ्या निम्म्या पनवेलचं काय झालं असतं! ऑक्सफर्डचे अरबीचे प्राध्यापक एडवर्ड पोकॉक यांनी १६५९ मध्ये या मजकुराचं इंग्रजी भाषांतर छापलं. इंग्लंडमध्ये कॉफी म्हणजे नेमकं काय हे सांगणाऱ्या पहिल्या-वहिल्या छापील मजकुरांपैकी हा एक आणि तो मूळचा एका अंध अरबी हकिमाचा. ते पांढरं फूल त्यांना कोणीतरी सांगितलं असेल.

शत्रू त्यांनाही होते. फलसफ्याचा अभ्यास करणारा माणूस म्हणून त्यांच्या अकीद्यावर शंका घेतली गेली, कुजबुज झाली. स्वभावही काहीसा धारदार होता. दुसऱ्यांच्या चुका दाखवताना ते शब्द जपून वापरत नसत. मात्र त्यांच्या विरोधकांनीही अंध माणसाला हकीम कशाला होऊ दिलं, असा मुद्दा काढल्याचं चरित्रांत दिसत नाही.

आणि नेमका हाच मुद्दा शेजारच्या मुलीसमोर चारशे वर्षांनंतर उभा होता. मेडिकल कौन्सिलच्या २०१९ च्या नियमांत एमबीबीएसच्या उमेदवाराचे दोन्ही हात शाबूत हवेत, त्यांत संवेदना आणि पुरेशी ताकद हवी, अशी अट होती. दृष्टीची कमतरता ४० टक्के किंवा जास्त असेल तर साधनं लावून ती ४० च्या खाली येत असेल तरच प्रवेश. म्हणजे दाऊद अंताकी आज अर्ज घेऊन आले असते तर या नियमाने पहिल्याच टेबलावरून परत गेले असते. हिंदुस्थानात त्यांच्यासारखे पुढेही झाले. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे मोठे भाऊ हकीम अब्दुल वहाब अन्सारी अंध होते, लोक त्यांना हकीम नाबीनाच म्हणत. नाडी पाहण्यात त्यांची अशी ख्याती की अल्लामा इकबालही त्यांचं औषध घेत. ते १९४१ मध्ये वारले. आणि आपल्या मुंबईतलं उदाहरण म्हणजे डॉ. सुरेश अडवाणी. आठव्या वर्षी पोलिओ झाला, व्हीलचेअर आली. ग्रँट मेडिकल कॉलेजने आधी प्रवेश नाकारला होता. त्यांनी वरपर्यंत पत्रं लिहून तो मिळवला, पुढे कॅन्सरतज्ज्ञ झाले आणि देशातल्या पहिल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटपर्यंत पोचले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

पण दर मुलाने मंत्र्यांना पत्रं का लिहावीत? कायदा तर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत आणि वाजवी सोयीसुविधा देणं संस्थेवर बंधनकारक आहे. दाऊद यांना जे नशिबाने मिळालं, ते या कायद्याने हक्क म्हणून लिहून दिलं. अडत होतं ते टक्क्यांवर. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने मुंबई हायकोर्टातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याला बोलण्याची अडचण होती, टक्केवारी चाळीसच्या वर होती. कोर्ट म्हणालं की निव्वळ टक्के बघून नाकारता येणार नाही, हा विद्यार्थी कोर्स करू शकतो की नाही हे बोर्डाने तपासून कारणांसह लिहायला हवं. दहा दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, स्नायूंचा आजार असलेल्या आणि ८८ टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या खटल्यात कोर्टाने पुढे जाऊन सांगितलं की टक्के बाजूला ठेवा, काम करण्याची क्षमता पाहा आणि ती सोयीसुविधा धरून पाहा. मग २१ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात दोन्ही हात शाबूत असण्याची अटच मनमानी ठरवली. क्लासवाल्या सरांना बहुतेक हे माहीत नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने अंतरिम सूचना काढल्या. उमेदवाराने यूडीआयडी कार्डासोबत आपल्याला काय काय करता येतं याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि ठरवून दिलेल्या केंद्रातल्या बोर्डाने ते तपासायचं. हे पुरेसं आहे असं माझं मत नाही. प्रवेश मिळाल्यावर लॅबमधलं टेबल, डिसेक्शन हॉल, वॉर्डातली नाइट ड्युटी, परीक्षेतला जादा वेळ, यांत कोणती सोय मिळणार हे प्रत्येक कॉलेजमध्ये विद्यार्थ्याला स्वतःच विचारत फिरावं लागतं. लाजून न विचारणारी मुलंही पुष्कळ. विशेषतः मुली, कारण घरातूनच सांगितलेलं असतं की कोणाला कळू देऊ नकोस, पुढे लग्नाला अडचण येईल. उमर यांनी आपलं पोर रोज भर दिवसा, सगळ्या गावासमोर रिबातमध्ये नेलं होतं, ते यासाठीच मला पुन्हा पुन्हा आठवतं.

दाऊद यांचीही एक परीक्षा झाली, आयुष्याच्या अगदी शेवटी. मक्केचे शरीफ हसन बिन अबी नुमय यांनी त्यांची कीर्ती ऐकून त्यांना बोलावलं. दरबारात आल्यावर त्यांची पारख करायचं ठरलं. आपला हात पुढे न करता शरीफ यांनी तिथल्याच दुसऱ्या कोणाचा हात दाऊद यांच्यासमोर धरायला लावला. दाऊद यांनी बोटं ठेवली आणि सांगितलं की हा हात राजाचा नाही. दुसरा हात दिला, तेच उत्तर. मग शरीफ यांनी स्वतःचा हात दिला, आणि दाऊद यांनी नाडी बघून त्या हाताचं चुंबन घेतलं. दरबारी किस्से तिखट-मीठ लावून सांगितले जातात, हाही तसा असेल. तरी यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. शरीफ यांनी त्यांना किती दिसतं ते मोजलं नाही, हकिमाला जे काम करायचं असतं तेच करून दाखवायला सांगितलं.

मक्केत ते फार दिवस राहिले नाहीत. वर्षभराच्या आतच, १००८ हिजरीत म्हणजे १५९९ मध्ये, त्यांचा तिथेच इंतिकाल झाला. तज़किरातला रोगांचा भाग अर्धवट राहिला होता. तो त्यांच्या एका शागिर्दाने पुरा केला, आणि छापील प्रतींत ही पुरवणी आजही शेवटी जोडलेली असते.

शेजारच्या मुलीची फाईल आम्ही तयार केली. यूडीआयडी कार्ड, जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र. ठरवून दिलेल्या केंद्रांपैकी एक मुंबईत हाजी अलीजवळ आहे, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. पनवेलहून लोकलने कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून महालक्ष्मी. तीन गाड्या आणि बरेच जिने. प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं यावर दोन संध्याकाळी गेल्या. डाव्या हाताने इंजेक्शन भरता येतं का, टाका घालता येतो का, बीपीचा पट्टा बांधता येतो का, असं एकेक ती करून बघत होती. बीपीच्या पट्ट्याला वेळ लागला. दादीचा दंड समोर होता, तिसऱ्या खेपेला जमलं. तिने ते तसंच लिहिलं, वेळ लागतो हेही लिहिलं.